पलंगावरची सायकलची घंटी

शिट्टीवाल्यांना आता खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघणार नाहीत, इतकी त्याची सवय मोडली आहे. लोकांची कुत्री शिकवणं हा त्यांचा धंदा. गळ्यात शिट्टी, पँटच्या दोन्ही खिशांत बिस्किटांचा चुरा. ते रस्त्याने निघाले की ओळखीची कुत्री मालकांना फरफटत त्यांच्याकडे येतात. कपडे धुण्याच्या मशीनच्या जाळीतला चुऱ्याचा लगदा उपसताना वहिनी, म्हणजे त्यांची बायको, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "जगाला शिकवून झालं. आता यांना खिसे रिकामे करायला कोण शिकवणार?"

त्यांची विद्या तशी साधी. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही ते आपोआप विझतं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. अंगावर उड्या मारणारं कुत्रं असेल तर पाठ फिरवायची. जेवताना भुंकत असेल तर भिंतीकडे बघत निवांत जेवायचं. शेजारीही यातून सुटले नव्हते. वरच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन आल्या की शिट्टीवाले छताकडे बघायचे, आणि त्या हवापाण्याचं बोलल्या की तोंडभरून हसायचे. माणूस जरा सटकलेला आहे असं काकूंचं मत झालं, पण तक्रारी कमी झाल्या त्या झाल्याच.

अशा घरात त्यांचे वडील राहायला आले. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, आधाराशिवाय पलंगावरून उतरायला सक्त मनाई. बाबांनी सारी नोकरी एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन म्हणून काढलेली. वर बेल वाजली की वर, खाली वाजली की खाली. वहिनींनी त्यांच्यासाठी पुढच्या खोलीत पलंग टाकला आणि अडगळीतल्या सायकलची घंटी काढून पलंगाच्या दांडीला घट्ट बसवली.

"आजवर तुम्ही लोकांच्या बेलवर धावलात ना बाबा? आता तुम्ही वाजवा, आम्ही धावतो."

बाबा लहान मुलासारखे खूश झाले आणि वाजवत सुटले. ट्रिंग! पंखा जोरात आहे. ट्रिंग! आता फारच हळू झाला. ट्रिंग! खाली कुणाची गाडी आली रे? ट्रिंग! आज वार कोणता?

वहिनी दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर. शिट्टीवाल्यांच्या शिकवण्या सकाळी आणि संध्याकाळी, त्यामुळे दुपार त्यांच्या वाट्याला आली. पहाटेपासून कुत्र्यांमागे पळून आलेला माणूस जरा आडवा होतो न होतो तोच ट्रिंग. अगदी नाकी नऊ आले. एका दुपारी वार सांगून परत येताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे भुंकणंच आहे. आणि आपण दर वेळी धावत जाऊन त्याला बिस्किट टाकतोय!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घंटीला जायचं बंद केलं. घंटी गप्प असली की मात्र स्वतःहून जायचे, चहा न्यायचे, उशी सारखी करायचे, गप्पा मारायचे. पहिले काही दिवस घंटीने कहर केला. वहिनी सुट्टीच्या दिवशी घरी होत्या. त्या उठायला लागल्या तसा यांनी त्यांचा हात धरला.

"बस. विझायच्या आधी असंच भडकतं. आत्ता गेलो तर सगळं पाण्यात."

"अहो, ते बाबा आहेत. बंगल्यातला मोत्या नाही."

"पद्धत एकच असते गं."

पद्धत लागू पडली. घंटी विरळ होत गेली आणि मग बंदच झाली. शिट्टीवाल्यांनी ही हकिकत मोत्याच्या मालकिणीला सांगितली, कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितली, जिन्यात भेटेल त्याला सांगितली. "बाबा शहाणे झाले," असं ते म्हणायचे.

"शहाणे झाले की गप्प झाले?" वहिनींनी एकदाच विचारलं. त्यावर यांनी छताकडे बघितलं.

मग ती दुपार आली. झोप झाल्यावर चहाचा कप घेऊन शिट्टीवाले नेहमीसारखे पुढच्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा. बाबा पलंग आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत फरशीवर पडलेले. पाण्याचं भांडं उलटलेलं, धोतर भिजलेलं. एक हात अंगाखाली अडकलेला. दुसरा हात वर, दांडीवर. घंटीवर. अंगठा अगदी तिच्या खटक्यावर टेकलेला.

त्यांनी तो दाबला नव्हता.

"बाबा! वाजवली का नाही?"

"झोपला असशील म्हटलं," बाबा म्हणाले. "चहाला येशीलच तू."

डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत होतं, मनगट तेवढं सुजलं होतं. वहिनी कामावरून धावत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी नेमकं तेच विचारलं, "घंटी वाजली नाही?"

शिट्टीवाल्यांचं तोंड त्यांच्याआधी बोलून गेलं. "बिघडली होती. खटका अडकला होता."

पलंगावरून बाबा लगेच म्हणाले, "हो हो. अडकते कधी कधी."

साहेब लोकांचं कितीतरी खोटं त्या माणसाने लिफ्टमध्ये ऐकून पोटात ठेवलं असेल. त्यात आज मुलाचंही ठेवून घेतलं. वहिनी तेलाची बाटली घेऊन आल्या, दोन थेंब सोडले, खटका दाबला. ट्रिंग! घंटी खणखणीत वाजली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि बाटलीचं बूच लावलं.

त्या दिवसापासून शिट्टीवाल्यांची दुपारची झोप उडाली. डोळा लागायचा आणि खटक्यावर टेकलेला तो अंगठा समोर यायचा. कान त्या खोलीकडेच लागलेले, आणि तिथे सगळं चिडीचूप. हा चिडीचूपपणा आपल्या हातचा आहे, याची जिन्यात भेटेल त्याच्यापुढे आपण फुशारकी मारली आहे, हे आठवून त्यांना जेवण जाईना. मोत्याच्या मालकिणीने हसत विचारलं, "काय, वडील कसे आहेत? शहाण्यासारखे वागतात ना?" ते शिकवणी अर्धी टाकून घरी आले.

"बाबा, वाजवत जा हो. काहीही असलं तरी वाजवा."

"बरं," म्हणून बाबांनी एकदा वाजवली. मुलाने सांगितलं म्हणून. हुकमावर पंजा देणारी कुत्री शिट्टीवाल्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पंजा देणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

शेवटी एका संध्याकाळी ते पलंगाच्या कडेला बसले. वहिनीही तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्यादेखतच ते म्हणाले, "घंटी बिघडली नव्हती. मी येत नव्हतो. मुद्दाम."

वहिनींच्या हातातली घडी चालूच राहिली. "तेल घातलं तेव्हाच कळलं मला. तुम्ही स्वतः कधी सांगता, त्याची वाट बघत होते."

बाबांनी सुजलेलं मनगट चोळलं. "अरे, मलाही ठाऊक होतं. लिफ्ट बंद असली की लोक बेल दाबून दाबून कंटाळतात आणि जिन्याने जातात. मी पण जिन्याने निघालो होतो. पडलो."

"आणि लिफ्ट दुरुस्त झाली की?" शिट्टीवाल्यांनी विचारलं.

"तरी कित्येक दिवस जिन्यानेच जातात. भरवसा उडालेला असतो ना," बाबा म्हणाले. "मी दार उघडून, स्टूल टाकून बसून राहायचो. येतील तेव्हा येतील."

दुसऱ्या दिवशी शिट्टीवाल्यांनी आपली खुर्ची बाबांच्या दाराशी आणून टाकली. दुपारभर ते तिथे बसायला लागले. बाबा पेपर वाचायचे, हे नुसते बसायचे. घंटी वाजत नव्हती. तिच्याकडे बघायचंही यांना धाडस होत नव्हतं.

मग एका दुपारी, हे न्हाणीघरात डोक्याला साबण लावून उभे असताना, ट्रिंग!

शिट्टीवाले टॉवेल गुंडाळून, डोळ्यांत साबण, ओल्या पायांनी घसरत, दाराच्या चौकटीवर आपटून पुढच्या खोलीत पोचले. "काय झालं? पडलात? पाणी हवंय?"

बाबा उशीला टेकून आरामात बसले होते. "काही नाही. बघत होतो येतोस का."

फेस फरशीवर गळत होता. बाबांनी उशाशी ठेवलेल्या बशीतलं एक बिस्किट उचललं आणि मुलापुढे धरलं.

"घे."

शिट्टीवाल्यांनी ते घेतलं, तोंडात टाकलं.