खोक्यांच्या फळ्यांची मांडणी

लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा माझ्या भांड्यांना घरात जागा नव्हती. भाड्याच्या दोन खोल्या. पुढे कॉट आणि खुर्ची, मागे स्टोव्ह आणि मोरी. आईने दिलेले डबे, पातेली, ताटं सगळं कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत. डाळीचा डबा हवा झाला की पेटी ओढायची. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून आला की दुपारपर्यंत त्याच कॉटवर झोपलेला. पेटी फरशीवर घासली की वरून आवाज यायचा, "अगं, जरा हळू."

पेटी हळू ओढता येत नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल.

कंपनीत यंत्रांचे भाग मोठ्या लाकडी खोक्यांतून यायचे. एकदा ह्यांनी त्या खोक्यांच्या फळ्या सायकलला बांधून आणल्या. "भांड्यांसाठी मांडणी करू. रविवारी करतो," म्हणाले. मी खूश झाले. फळ्या दाराआड उभ्या केल्या. पुढच्या रविवारी मित्राकडे बारसं निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी ओव्हरटाइम. मग सर्दी. असे सात रविवार गेले. दार उघडलं की फळ्या खडखडायच्या, आणि मी रोज त्या आवाजाने चिडायचे.

आठव्या आठवड्यात, हे कामावर असताना, मी शेजारणीची हातोडी मागून आणली. म्हटलं, मोठी मांडणी राहू दे, एक फळी तरी भिंतीला ठोकू. चांगला लांब खिळा घेतला. पहिल्या दोन ठोक्यांत गिलावा पडला, तिसऱ्या ठोक्याला खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. मी खूश होतेय तोवर पलीकडून शेजारीण ओरडली, "वैनी! खिळा आमच्या खोलीत आलाय! कॅलेंडरातून आलाय!"

भिंत विटांची नव्हतीच. कारवीच्या काटक्यांचा कूड होता, वरून चुन्याचा गिलावा. मी धावत पलीकडे गेले. तिच्या कॅलेंडरावरच्या लक्ष्मीच्या बरोब्बर खांद्यातून खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. शेजारीण हसून हसून खाली बसली. मला रडू येत होतं. एवढी मोठी भिंत आणि तिला एक फळी पेलत नाही!

म्हणून मग पायांवर उभी राहणारी मांडणी करायची असं मी ठरवलं. शेजारणीला म्हटलं, "तू फळी धर, मी कापते." तिच्या सासऱ्यांची करवत होती. ओटीवर बसून तीन दिवस आम्ही फळ्या कापल्या. खोक्यांचे जुने खिळे उपटताना माझा अंगठा निळा झाला. माप सुतळीने घेतलं, आणि सुतळी ताणली की लांब होते हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मांडणी उभी राहिली. चार खण, माझ्या डोक्याएवढी उंच. आम्ही दोघींनी मागे सरकून बघितलं. बरी दिसत होती.

मग ती आत न्यायला उचलली. दारातून जाईना. आडवी केली, तिरकी केली, पाय पुढे करून बघितले. चार बोटं जास्त होती. अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती दारात अडकली आणि तेवढ्यात हे पहिली पाळी संपवून आले. सायकल लावली, दाराशी आले, आणि स्वतःच्याच घरात शिरायला त्यांना मांडणीच्या खालच्या खणातून रांगत जावं लागलं.

"मला विचारायचं तरी," आतून म्हणाले.

"विचारलं की! सात रविवार विचारलं."

"दाराचं माप घ्यायला कोणी नको म्हटलं होतं?"

मी करवत त्यांच्या हातात दिली. मी तोंड उघडलं असतं तर अख्ख्या चाळीने ऐकलं असतं. त्यांनी एका बाजूचे खिळे काढले, फळ्या चार बोटं कापल्या, पुन्हा ठोकल्या. मांडणी आत गेली. पण घाईत एक पाय जरा वर ठोकला गेला, आखूड पडला आणि ती लंगडू लागली. पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला.

आता रंग. माझं माहेर पेणजवळ हमरापूरला. तिथे घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडवतात, आमच्याही घरी. मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा मूर्तीच्या अंगाला लावतात तो गुलाबी रंग मागितला. वडील कामात गुंतलेले. "घे की," म्हणाले, मान वर न करता. कशाला हवाय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रोह्याला येऊन दोन हात दिले. मांडणी अशी झळकायला लागली की शेजारीण तिच्या भावजयीला दाखवायला घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा माझे डबे ओळीने उभे होते.

पावसाळ्यात हवा ओली झाली आणि रंग हाताला यायला लागला. ताटं गुलाबी, भाकरीचं फडकं गुलाबी. ह्यांचा कंपनीचा पांढरा शर्ट गुलाबी झाला आणि ते तसेच पाळीला गेले. निडीहून सासूबाई आल्या, मांडणीला पाठ टेकून तांदूळ निवडायला बसल्या. उठल्या तेव्हा पाठीवर दोन आडवे पट्टे.

"काय गो ह्यो रंग!" त्या म्हणाल्या. "सुतार गावला नाय काय तुला?"

मी मोरीत जाऊन त्यांचं लुगडं धुतलं. इतकी वैतागले होते की मांडणी फोडून चुलीला घालावी असं वाटत होतं, आणि घरात तर स्टोव्ह.

गणपती झाल्यावर वडील आले. त्यांनी मांडणीवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगो बाय, हा पाण्यातला रंग. मूर्तीला शेवटी पाण्यातच जायचं असतं. तुझ्या फळीला रोज ओली भांडी. हिला ऑइलपेंट पायजे, मला बोलायचंस तरी."

ते स्वतः बाजारात जाऊन काचपेपर आणि हिरव्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. आम्ही बापलेक रंग खरवडायला बसलो. दुपारी हे आले, शर्ट काढून तेही बसले. काम करता करता वडील एका सांध्यावरून अंगठा फिरवत ह्यांना म्हणाले, "जावयबापू, खिळे मात्र सरळ मारलेत हां. हात चांगला हाय तुमचा."

हे काचपेपर घासत राहिले. मी वाट बघितली. चांगली दोन फळ्या होईपर्यंत वाट बघितली.

"ते मी मारलेत," मी म्हटलं. "आखूड पाय ह्यांचा आहे."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे खाली बघून म्हणाले, "व्हय, तिनेच केलीय सगळी." वडील हसले, पण त्या हसण्यात कौतुकापेक्षा अचंबाच जास्त होता, पोरीने झाडावर चढून दाखवावं तसा. मला तेही आवडलं नाही. मी उठून चहा टाकला आणि साखर मुद्दाम कमी घातली.

हिरवा रंग टिकला. मांडणी आम्ही क्वार्टर मिळेपर्यंत, अकरा वर्षं वापरली. पेटी एकदाही ओढावी लागली नाही. पण पाहुणे यायचे, मांडणी बघायचे आणि ह्यांनाच विचारायचे, "घरी केलीत वाटतं?" हे दरवेळी म्हणायचे, "तिने केलीय." पण ते असं हळू म्हणायचे की दुसऱ्या खोलीत मला ऐकू यायचं नाही, आणि पाहुण्यांना तरी येत होतं की नाही कोण जाणे. मग मी बाहेर येऊन पुन्हा सांगायचे. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "खरंच?" तेव्हा मी त्याला करवत दाखवली. तोवर मी माझी स्वतःची घेतली होती.