आधीच छापलेली सभा

सभा व्हायच्या आदल्या दिवशीच मी सभेची बातमी छापली. नुसती छापली नाही, 'सर्व ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर' असा चार कॉलमी मथळा दिला. टाळ्या किती वेळ वाजल्या तेवढं लिहायचं राहिलं, तेही जागा पुरली नाही म्हणून.

यात माझी अक्कल किती आणि नव्वदीतल्या आमच्या इंदापूर तालुक्याची रीत किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मी एक साप्ताहिक चालवत होतो, चार पानी. नावाखाली 'निर्भीड, निःपक्ष' असं छापलेलं असायचं आणि त्याच्या बरोबर खाली पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. संपादक मी, वार्ताहर मी, प्रुफं तपासणारा मी आणि रविवारी सकाळी एसटीच्या टपावर गठ्ठे चढवणाराही मीच. निर्भीडपणाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मी खरोखरच निर्भीड होतो, कारण तोवर अंक कोणी वाचतच नव्हतं. पुढं एका रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं आणि त्याच आठवड्यात तीन जाहिरातदारांना एकदम 'पुढच्या अंकाला बघू' सुचलं. तेव्हापासून मी खड्ड्यांना 'रस्त्याचे प्रलंबित काम' म्हणू लागलो. मग तेही सोडलं आणि हवामानावर अग्रलेख लिहायला लागलो. थंडीचा कोणी चेअरमन नसतो.

तर सभा होती एका उपसा सिंचन संस्थेची. उजनी धरणाच्या फुगवट्यातून मोटारीनं पाणी उचलायचं आणि पाइपलाइननं सभासदांच्या शेतात पाळीपाळीनं सोडायचं, हा तिचा उद्योग. चेअरमन वरच्या साहेबांच्या मर्जीतले. त्यांच्या सभा मी पाहिलेल्या होत्या. सचिव ठराव वाचायचे, ठराव अर्धा व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" यायचं आणि मागच्या रांगेत चहा फिरायचा. आता सभा शनिवारी, माझी छपाई शुक्रवारी आणि अंक रविवारी. त्यात मेव्हण्यानं शनिवारीच भिगवणला मासे खायला बोलावलेलं. म्हटलं, दर वेळी तेच घडतं, ते बघायला जायचं कशाला? सचिवांकडून ठरावांचा कागद आणला, मागल्या वर्षीची बातमी काढली, ठराव तेवढे बदलले. टाळ्या जुन्याच ठेवल्या. हे गुपित मला आणि छापखानेवाल्याला, दोघांनाच ठाऊक. शनिवारी चिलापीचं कालवण ओरपताना माझं मन किती स्वच्छ होतं म्हणून सांगू!

रविवारी दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला मुंडासं, हातात माझा अंक. यांना सगळे तात्या म्हणत. वाडवडिलांपासून मेंढरं राखणारं घर. तात्यांनी सगळी मेंढरं विकून पाइपलाइनीत वाटा घेतला होता आणि माळावर डाळिंब लावलं होतं. तीन वर्षं झाडं लेकरासारखी वाढवून यंदा पहिला बहार धरलेला. डाळिंबाचं असं असतं की आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की कळी निघते, आणि एकदा कळी निघाली की पाणी चुकवून चालत नाही. तात्यांच्या झाडांना नुकतीच कळी निघाली होती.

"संपादक तुमीच का?"

"या तात्या, बसा."

"बसाया न्हाय आलो. सभेत तुमी कुठं बसला हुता?"

"मागं होतो की," मी म्हणालो. "लिंबाच्या झाडाखाली."

"शाळंच्या हालमदी लिंबाचं झाड कुठनं आलं?"

तेवढ्यात बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काल हे भिगवणला गेलते. मासं खायला."

तात्यांनी अंकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मंग ह्या टाळ्या कुणाच्या?"

मग खरी सभा त्यांनी सांगितली. पाचवा ठराव असा होता की पाइपलाइनीच्या शेवटच्या टोकाच्या अकरा सभासदांचं पाणी 'तांत्रिक कारणास्तव' बंद करावं. हा ठराव मी स्वतः छापला होता आणि त्यातली एक ओळही माझ्या डोक्यात शिरली नव्हती. तो वाचला गेला तसे तात्या उभे राहिले आणि म्हणाले, "चेअरमनसाब, मोटर समद्यांच्या वाट्यानं बसली, मंग पाणी तुमच्याच बांधापातूर यून का थांबतंय?" माइक बंद पडला. मागची रांग उभी राहिली, खुर्च्या सरकल्या, चेअरमन जीपमध्ये बसून निघून गेले. मत घेतलंच नाही, सभाच मोडली. आणि आज सकाळी पाणी सोडणारा माणूस टोकाकडचा व्हॉल्व्ह बंद करून मोकळा झाला. तात्यांनी अडवलं तर म्हणाला, "पेपरात आलंय की, मंजूर झालंय म्हणून."

"पुढच्या अंकात खुलासा देतो," मी म्हणालो.

"द्या. पर बिगी बिगी द्या. पाण्याबिगर कळी धा-बारा दिसांच्या वर धरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. चेअरमन आत आले, ऐसपैस बसले.

"संपादकराव, काय झकास लिवलंय! आमी तितं असून आमाला एवढं दिसलं न्हाय."

मी हसलो. काय करणार?

"कात्रण प्रोसिडिंगच्या वहीत चिकटवलं. तात्यानं सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं अर्ज केलाय म्हणं. करू द्या. आमच्याकडं तटस्थ साक्षीदार हाय." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "आन् ते खुलाशाचं काय कानावर आलंय? चुकलंय कुठं काय तुमचं? साहेबांचा वाढदिवस जवळ आलाय, पानभर शुभेच्छा द्यायच्यात. उगं पान कोरं ऱ्हायचं तुमचं."

धमकी अजिबात नव्हती. धमकी दिली असती तर मला छाती काढायची सोय तरी झाली असती. चेअरमन चहा पिऊन, कपबशी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवून गेले. इतक्या सभ्य माणसाविरुद्ध कसं लिहावं, या विचारात माझे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मी थंडीवर अग्रलेख लिहिला. चांगला उतरला होता.

शेवटी बायकोनंच विचारलं, "त्या म्हाताऱ्याची कळी किती दिस ऱ्हायची?" तेव्हा कुठं खुलासा लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'अनवधानाने काही तपशील राहून गेला.' ते बायकोला वाचून दाखवलं. ती भांडी जरा जोरात घासायला लागली. मग खोडून सरळ दोन ओळी लिहिल्या: शनिवारची सभा मी पाहिलेली नाही. ती बातमी मी शुक्रवारीच छापली होती.

नेहमीच्या छापखानेवाल्यानं कागद वाचला आणि परत दिला. "मशीन बिघडलंय."

त्याच्या पाठीमागं मशीन खडाखडा चालू होतं. "अन् ते?"

"ते बिघडलेलंच चालतंय."

बारामतीला गेलो. तिथल्या प्रेसवाल्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत काळे असताना सांगितलं, "शाई संपली." चेअरमनांची जीप माझ्या एसटीपेक्षा नक्कीच वेगानं पळत असणार. परत येताना निमगाव केतकीला उतरलो. तिथं लग्नपत्रिका छापणारा एक जण होता. वाचायबिचायच्या भानगडीत तो पडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "वर गणपती ठिवायचा का?"

कागद गुलाबी होता, दुसरा नव्हताच. वर गणपती, दोन्ही बाजूंना सनई-चौघडा आणि मधोमध माझी कबुली. अशी पत्रकारितेची वरात मीच गावोगाव वाटत फिरलो. लोक आदरानं दोन्ही हातांनी पत्रिका घ्यायचे, "कुणाचं लगीन?" विचारायचे आणि वाचून माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. एवढं लक्ष देऊन माझा मजकूर आधी कधी वाचला गेला नव्हता.

चौकशी इंदापूरला झाली. सहायक निबंधकांच्या टेबलावर एका बाजूला चेअरमनांनी वही उघडून ठेवली, दुसऱ्या बाजूला तात्यांनी पत्रिका ठेवली. मधे मी.

"सभेला तुम्ही हजर होता?" निबंधकसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग टाळ्यांचा गजर कुठून ऐकलात?"

"मागल्या वर्षीचा होता."

कारकुनानं तोंडावर फाइल धरली. चेअरमन ताडकन उठले. "साहेब, हा माणूस खोटं छापतो!"

"ते तेच सांगतायत," साहेब म्हणाले. "तुम्ही बसा. वहीत चिकटवलंय ते तुम्ही."

ठराव स्थगित झाला. सभा परत घ्यायची आणि तोवर पाणी जुन्या पाळीप्रमाणं सोडायचं, असा आदेश निघाला. टोकाचा व्हॉल्व्ह उघडला तो अकराव्या दिवशी. वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा अर्थातच दुसऱ्या साप्ताहिकात झळकल्या. त्याचंही ब्रीद 'निर्भीड' असंच होतं. स्टँडवरच्या स्टॉलवाल्याला माझ्या अंकासाठी जागा अपुरी पडू लागली. नेहमीचं मशीन काही दुरुस्त झालं नाही, त्यामुळं नंतरचे अंक मी निमगावातच छापले, गुलाबी कागदावर. गणपती तेवढा काढायला लावला.

त्यातला पहिला अंक घेऊन मी तात्यांच्या माळावर गेलो. 'निर्भीड लेखणीचा विजय' असा मथळा होता. लेखणी कोणाची, ते मी नम्रपणानं आतल्या मजकुरात फक्त तीनदा सांगितलं होतं. तात्या धोतर खोचून बागेला पाणी देत होते. खालच्या सऱ्यांतल्या झाडांची कळी गळून चिखलात पडली होती, पण वरच्या झाडांवर बरीच लालभडक टिकून होती. मी अंक पुढं केला. त्यांचे हात चिखलानं भरलेले, म्हणून मीच मथळा मोठ्यानं वाचून दाखवला आणि कौतुकाची वाट बघत बांधावर उभा राहिलो.

तात्यांनी खोऱ्यानं एक बारं फोडलं, पाणी पुढच्या सरीत वळवलं.

"बरं झालं तुमी सभेला न्हवता ते," ते म्हणाले. "आसता, तर डोळ्यांनी बघूनबी टाळ्याच छापल्या आसत्या तुमी."