उंबऱ्यावर अडकलेला पाहुणा

पाण्यावर तरंगणारी चांदी तुम्ही कधी पाहिली आहे का? परळच्या आमच्या प्रयोगशाळेत, हिऱ्याच्या सुरीपुढच्या इवल्याशा द्रोणीत, मी ती पाहत आले आहे. राळेत बसवलेल्या पेशींचे काप इतके तलम निघतात की त्यांना स्वतःचा रंगच उरत नाही. त्यांच्यावर प्रकाश खेळतो आणि ते कधी सोनेरी दिसतात, कधी रुपेरी. सोनेरी म्हणजे जरा जाड, रुपेरी म्हणजे अगदी मनासारखा.

हे काप काढतात आमच्या फिलोमिना मिस. गिरगावातल्या एका वाडीतून येणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या आणि घाई करणाऱ्यांवर मनापासून चिडणाऱ्या. तरंगते काप हलवायला त्या काय वापरतात, सांगा पाहू? काडीच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा एक केस, तोही स्वतःचा! काळाचौकीच्या आमच्या चाळीत गळालेली पापणी मुठीवर ठेवून, डोळे मिटून, इच्छा धरून आम्ही मुली फुंकर मारायचो. इथे फुंकर म्हणजे सत्यानाश, आणि नेमका तोच माझ्या हातून झाला.

इच्छा मात्र तेव्हाही मनात होतीच: एका विषाणूला पेशीच्या दारातच अडकवायची. काही विषाणूंना स्वतः विणलेलं पांघरूण नसतं. ते पेशीत शिरतात, तिच्याच साहित्यातून आपल्या प्रती घडवतात, तिच्या आवरणात आपली प्रथिनं खोवतात आणि तेच आवरण अंगावर ओढून फुगवट्यासारखे बाहेर येतात. पेशीशी जोडलेला शेवटचा देठ कापणारी कात्रीसुद्धा पेशीचीच. एरवी विभाजनात ती दोन लेकपेशी विलग करायला वापरते, ती! चाळीच्या दोरीवरचा आपलाच सदरा घालून कुणी आपल्याच दारातून निघावं आणि आपणच त्याला कडी काढून द्यावी, तसला हा प्रकार. काय हा निर्लज्जपणा, आणि काय हे कौशल्य! मला त्याचा राग यायचा आणि रागाच्या पोटात थोडं कौतुकही असायचं.

विषाणू आपल्या प्रथिनाच्या ज्या तुकड्याने ती कात्री बोलावतो, तो तुकडा मी काढून टाकला होता. आता विषाणू देठाशीच अडकायला हवा होता. पण दोन वर्षांत एकही स्वच्छ चित्र मिळालं नव्हतं. या खेपेलाही दिसलं नाही तर विषय बदलायचा, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. राळेचा एकच ठोकळा उरला होता. त्यातून कापांची पहिली रुपेरी पट्टी तरंगली, माझ्या छातीतून सुस्कारा सुटला आणि पट्टी विस्कटून द्रोणीच्या कडेला चिकटली.

“अगो वेंधळे! तोंड तिकडं कर. घटकाभर श्वास नाय घेतलास तर मरणार नाय तू!” मिस कडाडल्या. ठोकळ्यात आता चारपाच कापांपुरताच जीव होता. मी मुकाट्याने खिडकीकडे वळले आणि समोरच्या बंद गिरणीच्या चिमणीकडे पाहत उभी राहिले. किती वेळ गेला कोण जाणे! मग मागून आवाज आला, “ये. चांगली आलीय.”

दुपारी काप बारीक चौकोनांच्या जाळीवर घेऊन सूक्ष्मदर्शकात ठेवले आणि पडद्यावर पेशीची कड उमटली. आणि त्या कडेवर, अहाहा, गोल गोल विषाणू! प्रत्येकाने पांघरूण ओढलेलं, निघायची जय्यत तयारी केलेली, आणि प्रत्येकाचा देठ शाबूत! मी ओरडले आणि सरांकडे धावणार तोच मिसनी माझी ओढणी धरली. “बस खाली. एका चौकोनावर काय नाचतेस? दुसरा दाखव.”

आजवर काप कापून पुढच्या कामाला लागणाऱ्या मिस पहिल्यांदाच पडद्यासमोर स्टूल ओढून बसल्या. दुसरा चौकोन झाला, तिसरा झाला, सातवा झाला. न बदललेल्या विषाणूंच्या कापांत सुटलेले विषाणू जिकडेतिकडे विखुरलेले असत; इथे पेशींच्या भोवती नुसती स्वच्छ, मोकळी जागा.

“एकपण सुटला नाय?”

“नाही मिस, एकसुद्धा नाही!”

मला ठाऊक आहे, हा एक विषाणू आणि ही पेशींची एक बशी. उद्या तो दुसरी वाट शोधेलही. पण विजय लहान म्हणून त्याची गोडी का लहान असते? “जा आता, सांग सरांना,” चष्मा पुसत मिस म्हणाल्या. त्यांचेही डोळे पाणावले होते. मला मात्र उठवेना. दारात खोळंबलेल्या त्या पाहुण्यांकडे मी पाहत राहिले, आणि शत्रूकडे इतक्या मायेने कुणी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.