आधी पाडस

अनघा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे जर्मनीत, येना शहराच्या ट्राममध्ये होते. त्याआधी हॉस्पिटलात भेटलो तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं, "मीराला तुमच्यात घे. नुसती सांभाळू नकोस." मीरा तिची मुलगी; तिचे बाबा ती तान्ही असतानाच गेले होते. मी चिडून म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस, बरी होशील."

भिंगांच्या कारखान्यात इंजिनियर असलेली अनघा ही माझी इथली पहिली मैत्रीण. कोथरूडच्या शाकाहारी घरातल्या या बाईने परीक्षा देऊन शिकारीचा परवाना काढला, तेव्हा मी तिला मनसोक्त छळलं. ती शांतपणे समजावायची. इथल्या मोठ्या लाल हरणांना खाणारं जनावर आता फारसं उरलेलं नाही. जंगलाला पोसवेल त्याहून ती जास्त झाली, की कोवळी झाडं ओरबाडून संपवतात आणि हिवाळ्यात सगळा कळप खंगतो. म्हणून दरवर्षी किती आणि कोणती मारायची ते ठरतं, त्याबाहेर एकही नाही. "कळप धड राहावा म्हणून गं," ती म्हणायची. मला ते पटायचं, पण तिच्या हातची बंदूक पटायची नाही.

एका नोव्हेंबरात मी तिच्याबरोबर मचाणावर गेले. तिची राखाडी घोंगडी दोघींच्या पायांवर होती. अंधारून येताना रानातून एक हरिणी आली, मागे पाडस. अनघाने बंदूक रोखली, कितीतरी वेळ तशीच धरली आणि खाली घेतली. पाडस आईच्या आड होतं.

"आई तर समोर होती," मी म्हटलं.

"आधी पाडस, मग आई. उलटं कधीच नाही," ती कुजबुजली. "आई गेलेल्या पाडसाला कळप जवळ करत नाही. ते कडेकडेने फिरतं आणि झिजून मरतं."

मला तिचा रागच आला. आमचं बोलणं ऐकूनही ती दोन्ही जनावरं हलली नाहीत, वर बघत राहिली.

अनघा गेल्यानंतर काही दिवसांनी मीरा आणि मी मचाणावरची घोंगडी आणायला गेलो. मीराला मराठी कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. आम्ही वर पोहोचलो तर रानाच्या कडेला एक पाडस उभं होतं, एकटंच. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता, आमच्या वासाने ते पळायला हवं होतं. ते सावकाश मचाणाखाली आलं आणि मान वर करून थांबलं.

"मावशी," मीरा कुजबुजली, स्वच्छ मराठीत, अगदी अनघाच्या आवाजात. "याची आई आधी गेली."

ती पाडसाकडेच बघत होती.

"आई म्हणायची, असं एकटं दिसलं तर त्याला मारायचं. ती दया असते." मग माझ्याकडे वळून, "माझीपण आई आधी गेली ना…"

हॉस्पिटलात अनघाने काय मागितलं होतं, ते मला तेव्हा कुठे कळलं. मी पोरीला घोंगडीत गुंडाळून घट्ट धरलं आणि खूप रडले. खाली बघितलं तर पाडस नव्हतं. पाचोळा वाजल्याचं दोघींनाही ऐकू आलं नव्हतं.

मीरा आता आमच्याकडेच राहते. घोंगडी स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर असते. दोनदा धुतली तरी शेवाळाचा वास जात नाही. संध्याकाळी मीरा ती पांघरून खिडकीशी बसते आणि समोरच्या डोंगराशी हळू आवाजात बोलते. कोणाशी, ते मी विचारत नाही. जेवताना मात्र मी आधी तिचं ताट वाढते, मग माझ्या दोन मुलांचं. इतके दिवस ती टेबलाच्या टोकाला बसून खायची. काल घोंगडी खुर्चीवर टाकून आली, माझ्या मुलांच्या मधोमध कोपर खुपसत म्हणाली, "सरका."

ती दोघं सरकली. खिडकीशी घोंगडी मात्र खाली घसरली नव्हती. आत कोणी बसल्यासारखी ताठ उभी होती, तोंड आमच्याकडे करून.