हरेशच्या नावावरची माझी चिठ्ठी

आज सकाळपासून ग्रुपवर हरेशची म्हणून जी ओळ फिरतेय ना, ती हरेशची नाही. माझी आहे.

हरेश काल गेला. आणि मी हे काय घेऊन बसलोय!
पण खोटं कशाला बोलू? मेसेज बघून माझ्या पोटात दुखलं. अजून दुखतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकात फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर नाईककाकूंची व्हिडिओ लायब्ररी होती. त्यांच्या हॉलमध्येच. एका भिंतीला कॅसेटचे रॅक, दुसऱ्या भिंतीला काकूंचा सोफा.

काकूंचा नियम होता. कॅसेट परत देताना रिवाइंड करायची आणि डब्यात एक चिठ्ठी टाकायची. पिक्चर कसा वाटला, ते पुढच्या माणसासाठी.

मी मन लावून लिहायचो. पाठपोट. पटकथा विस्कळीत, कॅमेरा उत्तम, बॅकग्राउंड म्युझिक भडक. हॉरर पिक्चर मी आवाज बंद करून परत बघायचो. आवाजाशिवाय भीती वाटली तरच तो हॉरर, हे माझं मत आजही कायम आहे.

आणि हरेश?
निर्मळ गावचा. केळीची वाडी, फुलं, भाजी. सकाळी माल पोचवून स्कूटरवरून यायचा, पायाला माती तशीच. दोन ओळी खरडायचा आणि खाली 'ह.' लिहायचा.

अशाच एका हॉररवर त्याची चिठ्ठी: "भूत बिचारं एकटं आहे. घाबरायला होत नाही, वाईट वाटतं."

मारामारीच्या पिक्चरवर: "हिरो चाळीस जणांना मारतो, ते सोडा. घरी येऊन ताट घेतो तेव्हा खरा दमलेला वाटतो."

कोर्टाच्या पिक्चरवर: "वकील ओरडेल तेव्हा आरोपीच्या बायकोकडे बघा."

इंग्रजी सायन्स फिक्शनवर तर: "काही कळलं नाही. उद्या परत नेतो."

काही कळलं नाही म्हणे! आणि त्या चिठ्ठीवर आख्ख्या बिल्डिंगने तो पिक्चर नेला.

लोक रॅकवरून डबा काढायचे, उघडायचे, 'ह.' शोधायचे. माझी चिठ्ठी खाली पडली तरी उचलायचे नाहीत.
माझी बायकोसुद्धा! "हरेशभाऊंनी बघितलाय का हा?" असं मलाच विचारायची. घरात फिल्म सोसायटीचा मेंबर बसलाय, आणि ही केळीवाल्याचं मत विचारतेय. हो, मी तेव्हा मनात त्याला केळीवालाच म्हणायचो. एवढा जळायचो.

मग मी एक हलकटपणा केला.

एका बँडवाल्यावरचा पिक्चर होता. तीन तास, नुसता रडका. कोणी हात लावत नव्हतं. मी ठरवलं, याला हरेशच्या नावाने डोक्यावर घ्यायचं. लोक नेतील, कंटाळतील, एकदाची हरेशच्या मताची किंमत कळेल.

त्याच्यासारखं मोठं मोठं अक्षर काढून लिहिलं:
"मुलीच्या लग्नात बाप वाजवतच राहतो. हात रिकामे झाले तर रडावं लागेल म्हणून."
खाली 'ह.'

पुढे महिनाभर ती कॅसेट रॅकवर टिकली नाही.

बायकोने आणली. बघताना पदराने डोळे पुसले, आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघ. असं लिहावं."

कप्पाळ!

त्याच आठवड्यात हरेश लायब्ररीत भेटला. काकू आत चहा टाकायला गेल्या होत्या. त्याने खिशातून ती चिठ्ठी काढली.

"हा पिक्चर मी बघितलाच नव्हता रे. ही वाचली म्हणून नेला."
मी रॅककडे बघत राहिलो.
"तू लिहिलंस ना? आधी ओळखलं नाही. पटकथा कुठे दिसली नाही."
"मी नाही लिहिलं."
"बरं, नाही लिहिलंस. पण भारी लिहिलंस यार. स्वतःच्या नावाने का नाही लिहीत असं?"

तो चिडला असता, चार लोकांत माझी लाज काढली असती, तर मी माफी मागितली असती. तो चक्क खूश झाला होता! ते मला सहन झालं नाही. मी हातातली कॅसेट टेबलावर आपटली आणि निघून आलो.

त्यानंतर मी चिठ्ठ्या बंद केल्या. त्याच्याशी बोलणंही जेवढ्यास तेवढं. पुढे सीडी आल्या, काकूंनी लायब्ररी बंद केली. हरेशने शेवटपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही. म्हणूनच आज सगळे ती ओळ त्याच्या फोटोखाली टाकतायत.

काल निर्मळला गेलो होतो. अंगण माणसांनी भरलेलं. वहिनी मला बघून म्हणाल्या, "भावोजी, टीव्हीवर पिक्चर लागला की तुमचं नाव निघायचं. म्हणायचे, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण त्याला ते पटत नाही."

मी मान हलवली.

लायब्ररीतली जुनी मंडळी आली होती. नाईककाकूही, मुलाचा हात धरून. सगळे रडत होते. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून मोजमाप करत होतो. कोणाचं रडणं खरं, कोण जास्त करतंय, अंगणात प्रकाश कुठून येतोय. सवयच ती.

माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरी येऊनही नाही. आत्ताही नाही.

माझ्या जागी हरेश असता, तर दारातच ढसाढसा रडला असता. बाजूला कोण उभंय हेसुद्धा बघितलं नसतं.

तुझ्या त्या रडण्याचाही हेवा वाटतो रे, हऱ्या.

ती चिठ्ठी मीच लिहिली होती. माझं चुकलं.
ये आता. मनापासून निरोप.