पहिलं कार्ड

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, की कुलूपताई म्हणते, "दारांची समजूत घालते." समोरच्याला वाटतं, बाई जरा सरकलेली दिसते. मग ती पिशवीतून एक कुलूप काढून दाखवते. त्याला ना किल्लीचं भोक, ना कुठली तार. कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो, आतली चिमुकली मोटर कुरकुरते आणि दार उघडतं. अशी बिनतारी कुलपं ती ऑफिसांना, दवाखान्यांना, गोदामांना निवडून देते आणि स्वतःच्या हाताने बसवते. वय सेहेचाळीस. चष्मा कायम कपाळावर, आणि तोच चष्मा ती दिवसातून चार वेळा शोधते.

काम घेतलं की पहिल्या दिवशी ती कॅटलॉग उघडतच नाही. घडीचं स्टूल टाकते आणि दारासमोर दिवसभर बसून राहते. कोण येतं, कुठल्या हाताने मूठ धरतं, दुसऱ्या हातात काय असतं, कोण खांद्याने ढकलतं, कोण दार धरून मागच्याची वाट बघतं, ते सगळं वहीत टिपते. लोकांना वाटतं, ही पगार घेऊन बसलीय. पण तिचं म्हणणं असं, की दार काय, दारासारखं दार असतं. हात मात्र बघावे लागतात.

हे बघणं ती बापाकडून शिकली. बाबा एका पाच मजली ऑफिसच्या इमारतीचे दारवान होते. एकतीस वर्षं सकाळी सातच्या ठोक्याला त्यांनी त्या इमारतीचं मुख्य दार उघडलं. ताप असो, घरी पाहुणे असोत, बायकोशी अबोला असो, सात म्हणजे सात. दार उघडून, आतला एक फेरा मारून आठ वाजता घरी न्याहारीला यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एकच शब्द बोलायचे, "उघडलं." आई चुलीवरची नजर न काढता म्हणायची, "बरं." त्या दोघांचा संसार या दोन शब्दांवर चालला, असं कुलूपताई अजून म्हणते. थट्टेतच म्हणते, पण म्हणताना चष्मा पुसते.

बाबा निवृत्त झाले त्याला आता आठ वर्षं झाली. इमारतीला नवा दारवान आला. गडी भला. पहिल्याच सोमवारी सातला पाच मिनिटं असताना बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात हजर! जुनी किल्ली काळ्या दोरीत ओवून गळ्यात होतीच. ती परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि परत द्यायचं बाबांना. नव्या दारवानाने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःची किल्ली खिशात ठेवली. "या बाबा, तुम्हीच उघडा. माझ्या हाताला अजून सवय नाही." आठ वर्षं झाली तरी त्याच्या हाताला सवय झाली नाही. अशी माणसं जगात आहेत म्हणून बरं चाललंय.

आई गेली तेव्हा कुलूपताईने बाबांना आपल्या घरी आणलं. पहिले काही दिवस त्यांनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं, पण सातचं दार टाकलं नाही. त्या दारासाठी ते उठायचे, दाढी करायचे, दहा मिनिटं चालत जायचे. आठला परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. पहिल्यांदा ते "उघडलं" म्हणाले तेव्हा कुलूपताईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग ते खाली ठेवून ती म्हणाली, "बरं."

आणि नेमकं त्याच इमारतीचं काम तिच्याकडे आलं.

मॅनेजर उत्साही होते. कुठल्याही गोष्टीवर "सोपं आहे" म्हणायची त्यांना खोड होती. "चौसष्ट दारं आहेत. सगळ्यांना बोटाच्या ठशाची कुलपं लावू. कार्ड नको, काही नको. सोपं आहे."

"आधी दारं बघते," ती म्हणाली.

तीन दिवस स्टूल टाकून बसली. चौथ्या दिवशी नमुन्याचं कुलूप टेबलावर ठेवून मॅनेजरना बोट लावायला सांगितलं. हिरवा दिवा. मग सफाईच्या मावशींना बोलावलं. मावशींनी पदराला हात पुसून बोट ठेवलं. लाल. दुसरं बोट ठेवलं, पुन्हा लाल.

"साहेब, इतकी वर्षं घासतेय," मावशी म्हणाल्या, "फरशीबरोबर बोटंपण गुळगुळीत झाली."

ठशाचा विषय तिथेच संपला. मग मॅनेजरनी मोबाइलने उघडणारी कुलपं सुचवली. तिने वही पुढे केली. मावशींचा फोन दिवसभर सुनेकडे असतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंच्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते. शेवटी साधं कार्ड ठरलं. फायलींच्या खोलीचं दार लोखंडी, तिथे सिग्नल गिळला जात होता. म्हणून बाहेरच्या बोळात सिग्नल पकडणारी एक जास्तीची डबी लावायचं ठरलं. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

"आणि मुख्य दार," मॅनेजर म्हणाले, "सकाळी सातला आपोआप उघडेल, संध्याकाळी सातला आपोआप बंद. कुणी यायला नको, जायला नको. सोपं आहे!"

घोडं अडलं ते इथे. या कुलपांमध्ये एक सोय असते आणि कुलूपताई ती प्रत्येक गिऱ्हाइकाला पटवून देते. नुसती वेळ झाली म्हणून दार उघडायचं नाही. वेळ झाल्यावर ठरलेल्या माणसाचं पहिलं कार्ड लागलं, तरच ते दिवसभरासाठी मोकळं व्हायचं. न जाणो, कधी कुणी आलंच नाही, तर दाराने एकट्याने उघडून काय करायचं? हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे कोण उभं राहिलं, तर इस्त्रीच्या सदऱ्यातले बाबा. पहिलं कार्ड त्यांच्या हातात जावं, हा मोह तिला इतका झाला की ती स्वतःलाच घाबरली. गिऱ्हाइकाच्या दारावर आपल्या बापाची सोय लावायची? बाई पहिल्यापासून अशी सरळ, की सरळपणात वाकडी व्हायची. ती मूग गिळून गप्प बसली आणि वहीत लिहिलं, 'मुख्य दार, सात ते सात, आपोआप.'

घरी आठ दिवस हे बोलायचा तिला धीर झाला नाही. दारवानानेच बाबांना सांगितलं. त्या दिवशी न्याहारी करताना बाबा म्हणाले, "आमच्या दाराला तूच कुलूप लावणार आहेस म्हणे."

"हो."

"आपोआप उघडणार?"

"हो, बाबा."

"चांगलं आहे की. आता या वयात माझी रोजची पायपीट वाचेल." आणि त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

मुख्य दार बसवायचं होतं त्या दिवशी ते स्वतःच आले. जुनं कुलूप काढून नवं बसवलं, पण मोटर नुसती कुरकुरायची आणि कडी अर्ध्यावर अडायची. कुलूपताईने तीनदा कुलूप उतरवलं, तीनदा चढवलं. घाम फुटला. बाबा कोपऱ्यात हाताची घडी घालून बघत होते.

"कुलपाला शिव्या देऊ नकोस," ते म्हणाले, "दार खाली बसलंय. वरची बिजागरी सैल आहे. मी उघडताना गुडघ्याने उचलायचो. तुझ्या मोटरला कुठलाय गुडघा?"

तिने वरची बिजागरी आवळली. कडी लोण्यासारखी सरकली. बाबांनी गळ्यातली किल्ली काढून मुलीच्या हातावर ठेवली. "ही आता जमा कर," एवढंच म्हणाले. काळी दोरी मात्र गुंडाळून खिशात घातली. कुलूपताईला तिथेच रडू कोसळलं असतं. पण मॅनेजर टाळ्या वाजवत आले आणि रडायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सहाला उठेनात. उठले तरी गंजिफ्रॉकवर बसून राहायचे. दाढीचे खुंट वाढले. जावई म्हणाला, "बाबा, आता मस्त आराम करा," तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला. आठ वाजायचे, कुलूपताई चुलीशी उभी असायची, आणि स्वयंपाकघराच्या दारात कुणीच यायचं नाही. चौसष्ट दारं न अडता उघडत होती, सगळीकडून कौतुक येत होतं आणि तिला घास गिळवत नव्हता. असे तीन आठवडे गेले.

मग एका बुधवारी पहाटे त्या रस्त्याखालचा पाण्याचा मोठा नळ फुटला. इमारतीत पाणी नाही, म्हणून मॅनेजरनी सगळ्यांना सुट्टीचा निरोप पाठवला. दारवानाने 'सगळ्यांना' म्हणजे आपल्यालाही, असं समजून पांघरूण ओढलं. सुट्टीचा निरोप कुलपाला मात्र कुणी दिला नाही. सात वाजले. हिरवा दिवा लागला, मोटर कुरकुरली आणि पाच मजली इमारतीचं दार रिकाम्या रस्त्याकडे उघडं झालं.

दहाच्या सुमाराला कुलूपताईचा फोन वाजला.

"तुझं दार उघडं आहे," बाबा म्हणाले.

"कुठलं दार? तुम्ही कुठे आहात?"

"आत बसलोय. लवकर ये. मला हलता येत नाही."

ती धावत सुटली, मनात नाही नाही ते येत होतं. पोचली तर बाबा दारालगतच्या खुर्चीत ताठ बसलेले. अंगात घरातला सदरा, पायात दोन वेगळ्या चपला. समोरच्या सोफ्यावर एक म्हातारा आणि म्हातारी.

"हलता येत नाही म्हणजे?"

"किल्ली नाही, कार्ड नाही. दार लावता येत नाही. मग उघडं टाकून हलू कसा?"

बाबा इकडे आले कसे, हे तिने विचारलं नाही. तीन आठवडे रोज सकाळी नऊला ते 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून कुठे जात होते, ते तिला दोन वेगळ्या चपलांकडे बघताना कळलं. समोरच्या फुटपाथवरून जात होते आणि दाराकडे बघून परत येत होते.

"आणि हे कोण?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलेत," बाबा म्हणाले. "दवाखाना शेजारच्या इमारतीत. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले. साडेआठपासून नंबर लागायची वाट बघतायत. मी सांगितलं त्यांना, पण आजी म्हणतात, इथला सोफा बरा आहे."

"गर्दी मुळीच नाही हो इथे," आजी समाधानाने म्हणाल्या.

कुलूपताईने सगळ्यांना बाहेर काढलं, फोनवरून दार बंद ठेवायची आज्ञा दिली, मॅनेजरना कळवलं, म्हाताऱ्या जोडप्याला हाताला धरून शेजारी पोचवलं आणि परत येऊन बाबांजवळ पायरीवर बसली.

"हे तुझं कुलूप," बाबा म्हणाले, "माणूस आल्याशिवाय उघडायचं नाही, असं करता येत नाही का?"

"येतं."

"मग?"

"मग ते पहिलं कार्ड तुम्हाला द्यावंसं वाटलं असतं. म्हणून सांगितलंच नाही मी त्यांना."

बाबा तिच्याकडे वळले. "बापाची लाज वाटली?"

"लोभ वाटला, बाबा."

"वेडी आहेस." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "माझ्यासाठी चुकीचं करायचं नाही, तसं माझ्यासाठी बरोबर करायचंही टाळायचं नाही. दाराला काय हवं ते बघायचं. मीच शिकवलं ना हे तुला?"

मॅनेजर धापा टाकत आले, मागोमाग ओशाळलेला दारवान. कुलूपताई उठून उभी राहिली. "साहेब, चूक कुलपाची नाही, माझी आहे. एक सोय मला माहीत होती आणि मी सांगितली नाही." आणि तिने पहिल्या कार्डाची गोष्ट सांगितली. कार्ड कुणाला, याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"सोपं आहे," मॅनेजर म्हणाले. "दारवानाला देऊन टाकू."

"मला नको साहेब," दारवान म्हणाला. "आजचंच बघा ना. मी आपला सुट्टी म्हटली की झोपणारा. सातला न चुकता येणारा माणूस आठ वर्षांत मी एकच बघितलाय."

"पण ते आपल्या नोकरीत नाहीत."

"आज नोकरीत कोण होतं, साहेब?" दारवान म्हणाला. "ते सोडून कुणी आलं का?"

मॅनेजरनी बाबांच्या चपलांकडे बघितलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, 'सोपं आहे' न म्हणता ते नुसतेच मान हलवून आत गेले आणि एक कोरं कार्ड घेऊन आले. अडचण नको म्हणून दुसरं एक दारवानाकडे ठेवायचं ठरलं.

बाबांनी कार्ड तळहातावर तोललं. "याला वजनच नाही," असं कुरकुरले. मग खिशातून काळी दोरी काढून कार्डाच्या भोकात ओवायला लागले. तीन आठवडे ती दोरी खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी सहाला न्हाणीघरातून दाढीच्या ब्रशचा आवाज आला. कुलूपताई उठली नाही, पडून ऐकत राहिली. बाबा बाहेर पडले. ती चुलीशी आली, पण लक्ष फोनकडे. नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक दाराची नोंद तिच्या फोनवर येते. सात वाजून चार सेकंदांनी पडदा उजळला. मुख्य दार, कार्ड क्रमांक एक.

आठला स्वयंपाकघराच्या दारात पावलं थांबली.

"उघडलं," बाबा म्हणाले.

फोन तिने पालथा घातला. "बरं," ती म्हणाली.