आंबा घाटातल्या म्हातारीने घाडगे बाईंना ओळखलं

इथले अनुभव बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. सांगोल्यात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पाणी कुठं अडलं ते पाइप उकलून बघणारा मी माणूस... असल्या गोष्टींना कायम हसत आलो. आजही याला भुताटकी म्हणवत नाही. पण सांगायचं तर आधी स्वतःचं एक पाप सांगावं लागेल. ते तेवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आणि माझी बायको सुनंदा, दोघांचंही डी.एड. झालेलं. लग्नानंतर दोघांनी कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षकाच्या नोकरीसाठी अर्ज केले. तिचे दाखले माहेरच्या नावाचे, म्हणून अर्जही ‘घाडगे’ नावानेच. तिचं पत्र आलं, माझं आलं नाही. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. नेमणूक होती आंब्याजवळच्या जंगलातल्या एका वाडीवर. मी वाचलं आणि न्हाणीच्या चुलीत घातलं.

ती दोन महिने दारात पोस्टमनची वाट बघायची. मग बघायची थांबली. कधी कुरकुर नाही केली — तेच जास्त टोचायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये तिने हट्ट धरला. मुलगी पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. म्हणाली, जन्म टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात गेला, एकदा पावसाचं जंगल तरी बघू द्या. फोनवर बघून ठिकाणही तिनेच ठरवलं... आंबा. मी महाबळेश्वर सुचवलं, मग पन्हाळा. तेव्हा म्हणाली, “आंब्याच्या वाघाशी काय भांडण झालंय का तुमचं?”

मी गाडीत पेट्रोल भरून आणलं.

पहाटे पाचला निघालो. मिरजेत नाश्ता, मग कोल्हापूर, मलकापूर. मलकापुरात तिने भाजलेली कणसं घेतली. काच खाली करून हात पावसात धरून बसली होती. आंबा मागे पडल्यावर झाडी अशी दाटली की भर दुपारी हेडलाइट लावावे लागले. त्यात धुकं उतरलं आणि एका फाट्यावर आम्ही चुकलो. गाडी कडेला घेतली तेव्हा साडेबारा वाजले होते.

धुक्यातून एक म्हातारी आली. डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले. सुनंदाच्या बाजूला वाकली, तिचा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, “घाडगे बाई न्हवं? लई वाट बघाय लावलासा की. शाळा ह्या वाटंनं वर हाय.”

सुनंदा हसलीच. या नावाने तिला वीस-बावीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. तिने विचारलं, मावशी, तुम्ही मला कशा ओळखता?

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. “त्यास्नी इचारा,” म्हणाली आणि पायवाटेने वर निघून गेली.

सुनंदा हसायची थांबली. मग मी सगळं सांगितलं — पत्र, वाडीचं नाव, चूल.

मी गाडी तिथूनच घराकडे वळवली. मिरजेत चहा समोर आल्यावर ती म्हणाली, “केलं कशापायी?”

आई आजारी होती, असं सांगता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच... “तुला आलं. मला नाही आलं.”

तिने चहा संपवला. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “मला परत तितं जायचंय. पण तुमच्यासंगं न्हाय.”

पंधरा दिवसांनी ती एकटी एसटीने गेली. वाडी सापडली, शाळाही सापडली. अकरा पोरं आणि एक तरुण गुरुजी. मीटिंगसाठी तालुक्याला गेले की त्यांना शाळेला कुलूप लावावं लागायचं. गावानेच हिला गळ घातली. आता ती महिन्यातून चार-पाच दिवस तिथं राहते, शिकवते, पगार काही नाही. आमच्यात सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण हल्ली जेवताना ती एकेका पोराचं सांगत बसते, आणि मला सांगते हे माझ्यासाठी खूप आहे.

ती म्हातारी मात्र कुणाला माहीत नाही. वीसच घरं, सगळे एकमेकांना ओळखतात, अशी बाई त्यांच्यात नाही. नेमणुकीचा कागद शाळेतही आला असेल, त्यावरून नाव कळलं असेल, इथवर मी स्वतःची समजूत घालतो. पण चेहरा कसा ओळखला? आणि उत्तर माझ्याकडे आहे हे तिला कुणी सांगितलं? खूप डोकं चालवलं, हाती काही लागलं नाही.

परवा सुनंदाचा वाडीवरून फोन आला. ओढ्याला पाणी आलंय, जीप येत नाही, एक दिवस जास्त राहते म्हणाली. मी म्हटलं, दोन राहा.